बांगड्याबरोबर लाल नको

बांगड्याबरोबर लाल वाइन प्यायली की तोंडात खिळा चोखल्यासारखी चव येते. हे मी कुठल्या कोर्समध्ये शिकले नाही. माझ्या आत्याने सांगितलं, आणि त्याआधी तिने आयुष्यात वाइन तोंडाला लावली नव्हती.

हे लिहायला बसले त्याला कारण आहे. त्या संध्याकाळची गावात आता एक गोड गोष्ट झाली आहे. कोळणीने साहेबलोकांना वाइन शिकवली, साहेबलोक लाजले, सगळं मिटलं. कोणाच्या हळदीला गेलं की मला कोणीतरी ती गोष्ट परत सांगतं, मी तिथे नव्हतेच असं समजून. तसं काही झालेलं नाही. जे झालं त्यात सगळ्यात मोठी चूक माझी होती, आणि ती त्या गोष्टीतून बरोब्बर गळून पडली आहे.

मी पत्रकं लिहिते. खाडीत कंपन्यांचं पाणी सोडतात त्याविरुद्ध आमचा आठ-दहा जणांचा गट आहे, आणि गटात मराठी धड लिहिणारी मी एकटी. जुन्या कार्यकर्त्यांनी मला पत्रकाची शिस्त शिकवली. मथळा ठसठशीत, खाली तीन परिच्छेद, शेवटी मागण्या. वाचणारा बसस्टॉपवर उभा आहे आणि बस यायच्या आत त्याला राग आला पाहिजे. 'तथापि', 'अर्थात' असले शब्द दिसले की काका लोक लाल पेनाने खोडायचे. म्हणायचे, दोन्ही बाजू सांगायच्या असतील तर निबंध लिही.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची मोठी बहीण. ऐरोलीत एका मोठ्या सोसायटीच्या गेटबाहेर मासे विकते. ती आणि आणखी तिघी. सोसायटी नंतर आली, आत्या आधीपासून बसते. आमच्या गावातून खाडीकडे जाणारी वाट तिथूनच होती. वाटेवर करंजाचं एक झाड होतं, झाडाखाली तिची सासू बसायची, मग ती बसायला लागली. टॉवर उभे राहिले तेव्हा बिल्डरने झाड ठेवलं, कारण जाहिरातीच्या चित्रात हिरवं दिसायला पाहिजे होतं. झाडाबरोबर आत्याही राहिली. तिच्या पाटीत काही मासे आमच्या खाडीतले असतात, बाकीचे ती पहाटे धक्क्यावरून आणते. कुठला कुठून आला ते विचारलं तर सांगते. न विचारता सांगायची तिला सवय नाही.

तर मी एक पत्रक लिहिलं. मथळा होता, 'खाडीतलं विष तुमच्या ताटात'. मला तो मथळा फार आवडला होता. कंपन्या, पाणी, मेलेले मासे, प्रशासन झोपलेलं, सगळं तीन परिच्छेदांत बसवलं होतं. छापून आल्यावर गठ्ठा घेऊन आत्याकडे गेले, कारण तिच्याकडे सकाळी शंभर लोक येतात. तिला बारीक अक्षर दिसत नाही आणि चष्मा ती घरी ठेवते, मासळीचं पाणी उडतं म्हणून. तिने विचारलं, "कशाचं हाय?" मी म्हटलं, "खाडीचं." ती म्हणाली, "आन हितं."

तीन दिवस तिने प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पिशवीत माशाबरोबर एकेक पत्रक टाकलं. भाचीचं काम म्हणून, कौतुकाने. शेजारच्या तिघींनाही वाटायला दिलं.

महिन्याभरात वॉर्ड ऑफिसमधून माणूस आला. सोसायटीने तक्रार केली होती. गेटवर दुर्गंधी येते, गाड्यांना अडथळा होतो, हे नेहमीचं. पण खाली एक नवं वाक्य होतं: 'सदर मासे विषारी पाण्यातील असल्याचे सोबत जोडलेल्या पत्रकावरून स्पष्ट होते.' सोबत माझं पत्रक जोडलेलं. झेरॉक्समध्येसुद्धा त्याच्या कोपऱ्यावरचा डाग उमटला होता, पिशवीतला, मासळीच्या पाण्याचा. चौघींनी पुढच्या महिनाअखेरीपर्यंत जागा सोडायची. त्या माणसाने जाताना एवढंच सांगितलं की सोसायटीने तक्रार मागे घेतली तर ऑफिसला यात पडायची हौस नाही.

मी ती तक्रार आत्याला मोठ्याने वाचून दाखवली. मग तिने पत्रक वाचायला सांगितलं. ते पहिल्यांदाच तिच्या कानावर पडत होतं. ती पाटीतल्या बोंबलांवर पाणी मारत ऐकत राहिली.

"सगलं खरं लिवलंस," ती म्हणाली. "नि मी घरोघर पोचवलं."

"आत्या, मला वाटलं तुला कळलं असेल."

"मथला वाचून दाकवला असतास तर कललं असतं."

ती परत बोंबलांवर पाणी मारायला लागली. शेजारची काकू मात्र म्हणाली, "बाय, आता आमच्यावं एक मोर्चा काड, म्हंजे सगलं पुरं व्हईल."

वाइनचा भाग इथे येतो. त्या सोसायटीत एक आयटीतला माणूस राहतो. चाळिशीचा, दर रविवारी आत्याकडून मासे नेणारा. त्याने वाइनचा कुठलासा कोर्स केलेला आहे आणि महिन्यातून एकदा क्लबहाउसमध्ये तो लोकांना बसवून वाइन चाखायला शिकवतो. या खेपेला त्याला वाइन आणि मासे असा कार्यक्रम करायचा होता. तो आत्याला मावशी म्हणतो. त्याने तिला विचारलं, "मावशी, तुम्ही कराल का जेवण? कमिटीचे लोक येतील. सेक्रेटरी साहेब पण. पोटात गेलं की बोलणं सोपं होतं."

मी तिथेच होते आणि माझं डोकं फिरलं. गेटवर पाटी नको, पण वर ताट पाहिजे. कच्च्या माशाचा वास येतो आणि तळलेल्याचा सुगंध. आमच्या हळदीत कोणी ग्लास हातात धरला की आगरी-कोळी म्हणजे दारुडे. यांनी वाइनचा ग्लास त्याच्या बारीक पायाला धरला की तो अभ्यास. हे सगळं मी त्या माणसाला तिथेच रस्त्यावर ऐकवलं. त्याने ऐकून घेतलं, हे खरं सांगायला हवं. म्हणाला, "ताई, बरोबर आहे तुमचं. पण मावशीने काय ते सांगावं."

मावशीने, म्हणजे आत्याने, विचारलं, "किती मानसं?"

त्याने तारीख धरली होती तो शनिवार ऐकून आत्याने नकार दिला. त्या दिवशी अष्टमी येत होती. अष्टमीच्या आसपास भांग असते, म्हणजे भरती-ओहोटीला जोर नसतो, पाणी नुसतं उभं राहतं आणि खाडीतल्या जाळ्यात काही शिरत नाही, जिताडा मासा तर नाहीच. "जितारा पायजे ना तुमाना? मंग पुनवेला या." त्याची निमंत्रणं पाठवून झाली होती. ती सगळी त्याने एक आठवडा पुढे ढकलली. क्लबहाउसचं बुकिंग भरतीच्या हिशोबाने बदललं, याचा मला उगाच आनंद झाला.

मग तो एका दुपारी चार बाटल्या घेऊन आत्याच्या घरी आला. कशाबरोबर काय लागतं ते आधी बघायचं होतं. एक बुडबुड्यांची पांढरी, एक अजिबात गोड नसलेली पांढरी, एक किंचित गोड पांढरी आणि एक लाल. पिशवीतून त्याने काचेचे ग्लास काढले. आत्याने एक उचलून बघितला. "याचा पाय किती बारीक. मी स्टीलच्या वाटीत घेते."

त्याने आधी दाखवलं. ग्लास तिरका केला, फिरवला, नाक आत घातलं, घोट घेतला, तोंडात खळखळवला आणि सोबत आणलेल्या डब्यात थुंकला.

आत्या बघत राहिली. "थुकाची होती तं आनली कशाला?"

"मावशी, चव बघायची असते फक्त. प्यायली तर चौथ्या बाटलीला कळणार नाही."

"मना कलतं," ती म्हणाली आणि वाटीतली गिळली.

तिची चव बघायची रीत वेगळी आहे. कालवणाचा चमचा ती कधी तोंडात घालत नाही. डाव्या तळहातावर चार थेंब घेते, जिभेने टिपते, डोळे भिंतीकडे. तसंच तिने केलं. आधी तळहातावर कालवण, मग वाटीतला घोट, परत कालवण. तो वहीत लिहायला तयार बसला होता आणि मी दारात, भांडायला तयार.

तांदळाच्या पिठीतले कुरकुरीत बोंबील आणि बुडबुड्यांची पांढरी, यावर ती लगेच म्हणाली, "हां. लिंबू पिलल्यावानी. तेल धुऊन काडतं." त्याने लिहिलं.

जिताड्याच्या कालवणाबरोबर अजिबात गोड नसलेली पांढरी दिली तेव्हा तिने कपाळाला आठ्या घातल्या. "आग लागली. मिरची परत पेटली." दुसऱ्या घोटाला म्हणाली, "आन चिंचेपुरं हिचा आंबटपना मेला. कालवनावं ताक पिलं की पानी लागतं तसं." त्याने मान हलवली. जेवणाचा आंबटपणा वाइनपेक्षा जास्त झाला की वाइन फिकी पडते, आणि तिखटाने तिच्यातली दारू जास्त चटका देते, असं त्याला कोर्समध्ये सांगितलं होतं. मग भीत भीत म्हणाला, "मावशी, कालवणात तिखट जरा कमी केलं तर?"

झालं. मी तयारच होते. आमच्या मसाल्यात किती जिन्नस असतात, तो उन्हाळ्यात कसा कुटतात, आणि तुमच्या नाशिकच्या बाटलीसाठी आम्ही आमची जीभ का बदलायची, इथपर्यंत मी पोचले होते.

"तू बस," आत्या मला म्हणाली. मग त्याला, "तिखट नाय कमी होनार. तुमी बाटली बदला."

त्याने किंचित गोड असलेली तिसरी उघडली. तिने तळहात पुसून परत चार थेंब घेतले. या वेळी तिने वाटी खाली ठेवली नाही. "ही चालंल. तिखट खाल्ल्यावं गुलाचा खडा देतान, तशी. मिरची बसली खाली."

बांगड्यावर त्याने मुद्दाम लाल दिली. तिने घोट घेतला आणि मोरीत जाऊन चूळ भरली. बाहेर येऊन म्हणाली, "खिला चोखल्यावानी लागतंय. ही कोनाला देऊ नका." तो खूश झाला. म्हणाला, लाल वाइनमध्ये लोह असतं, माशाचं तेल त्याला लागलं की असंच होतं, आणि हे त्याला पटायला तीन बाटल्या लागल्या होत्या.

जाताना त्याने माझ्यावर काम टाकलं. टेबलावर ठेवायला एक कार्ड हवं होतं. कुठला पदार्थ, कशाबरोबर, का. "ताई, तुम्ही चांगलं लिहिता. पत्रक वाचलंय मी तुमचं." हे तो साध्या मनाने म्हणाला, म्हणून मला जास्त लागलं.

मी कार्ड लिहिलं. तो फोनवर सांगत होता आणि मी उतरवत होते. लिंबाची साल, हिरवं सफरचंद, ओला दगड. ओल्या दगडाला मी हसले. आत्या कोलंबी सोलत होती, वर न बघता म्हणाली, "हसतंस काय? ओटीला खडक उगरा परतो त्याचा वास नाय घेतलास कदी?" ओहोटीला उघडा पडणारा खडक मला आठवला, आणि मी तसाच ठेवला ओला दगड. माझ्याकडून एक ओळ मी वाढवली, प्रत्येक पदार्थाखाली मासा कुठून आला ती. बोंबील आणि बांगडा धक्क्यावरून. जिताडा आमच्या खाडीतून.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी वाइनवाल्याचा परत फोन आला. आवाज पडलेला. सेक्रेटरी तक्रार मागे घ्यायला तयार आहेत, तो म्हणाला, पण त्यांना माझ्याकडून पत्र हवंय. पत्रकातला मजकूर चुकीचा होता, असं. "मला हे आवडलेलं नाही, ताई. नुसता निरोप देतोय."

त्या दुपारी मी ते पत्र लिहिलं. लपवून काय करू? चार ओळी होत्या. 'खाडीच्या पाण्याबाबत व मासळीबाबत मी प्रसिद्ध केलेला मजकूर अपुऱ्या माहितीवर आधारित होता.' खाली सही. इतकी पत्रकं लिहिली, पण एवढं गुळगुळीत वाक्य मला आयुष्यात जमलं नव्हतं. हा कागद उद्या कुठल्याही कंपनीचा वकील दाखवू शकतो हे मला कळत होतं. गटातल्या कोणालाच मी सांगितलं नाही. समोर एवढंच दिसत होतं की करंजाखालची जागा माझ्यामुळे गेली, आणि ती परत आणायला एक सही पुरते. पत्र घडी करून पिशवीत टाकलं.

शनिवारी सात वाजता क्लबहाउसमध्ये पंचवीसेक माणसं होती. आत्या ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती, अंबाड्यात फूल होतं. सोबत तिच्या तीन डेगी आणि एक घट्ट झाकणाचा ॲल्युमिनियमचा डबा. तो डबा तिने टेबलाखाली ठेवला. मला वाटलं चटणी असेल.

सुरुवात चांगली झाली. लोकांनी ग्लासांत नाकं घातली. बोंबील संपले, आत्या परत तळायला आत गेली. जिताडा आला तेव्हा एक म्हातारे गृहस्थ ग्लास बाजूला ठेवून नुसता भात मागायला लागले. वाइनवाला कार्ड वाचून दाखवत होता, कोणी कोणी मान डोलवत होतं. मी कोपऱ्यात उभी राहून चिडायला कारण शोधत होते आणि ते लवकर सापडेना.

सेक्रेटरींनी स्वतःची बाटली आणली होती. लाल, परदेशातून आणलेली, मुलाने दिलेली. बांगडा ताटात पडला तसा त्यांनी ती उघडली.

आत्या वाढत होती. म्हणाली, "साहेब, बांगऱ्याबरोबर लाल नको. खिल्यावानी लागंल."

"मावशी, तुम्ही मासे बघा. वाइनचं आम्ही बघतो."

त्यांनी बांगडा खाल्ला, वर मोठा घोट घेतला. तोंड मिटून ठेवलं, पण चेहरा लपला नाही. शेजारी त्यांची बायको होती. तिनेही त्यांच्याच ग्लासातला घोट घेतला आणि सरळ म्हणाली, "अहो, खरंच खिळा." टेबल हसलं. वाइनवालाही हसला, आणि ते त्याने करायला नको होतं.

सेक्रेटरींनी ग्लास खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. "तुमचं ते पत्र आणलंय ना? सगळ्यांसमोरच देऊन टाका. म्हणजे आपण काय खाल्लं ते लोकांना कळू दे."

मी पिशवीतून कागद काढला. हात पुढे केला होता, तेवढ्यात आत्या मध्ये आली. "कसला कागद?"

"काही नाही, आत्या. तक्रार मागे घेण्यासाठी."

"वाच."

"आत्या, नंतर..."

"मागच्या टायमाला नाय वाचलंस. आता वाच."

पंचवीस माणसांसमोर मी ते वाचलं. चार ओळी वाचायला किती वेळ लागणार? शेवटच्या ओळीवर तिने मला थांबवलं.

"म्हंजे पानी चांगलं हाय?"

मी कागदाची घडी घालायला लागले.

"पानी चांगलं हाय, तं मी रोज सकाली कल्लं उगरून काय हुंगतंय?"

कोणाला काही कळलं नाही. मलाही लगेच नाही. मग तिने टेबलाखालचा डबा वर घेतला आणि झाकण काढलं. आत दोन बोय मासे होते, सारख्या लांबीचे, सारखेच चकचकीत. दोन्ही सकाळच्या जाळ्यातले. तिने एकाचा कल्ला अंगठ्याने उचलला. आत लालभडक.

"ग्लासात नाक घालताव ना? आता हितं घाला."

एक बाई उठून खिडकीशी गेली. कोणीतरी "शी" म्हणालं. पहिलं नाक घातलं ते वाइनवाल्याने. त्या माणसावर माझा जो काही विश्वास आहे तो त्या क्षणापासून. पहिल्या माशाला तो म्हणाला, "समुद्र. काही नाही, ताजा आहे." दुसऱ्याला त्याने मान झटकन मागे घेतली.

"काय?" सेक्रेटरींनी विचारलं.

"रॉकेल," तो म्हणाला.

"घासलेट," आत्या म्हणाली. "दिसाया दोगं सारकं. कापल्यावं पन कलत नाय. शिजल्यावं कलतं. नाल्याच्या तोंडाकं फिरलेला मासा असा येतो. हिनं खरं लिवलं व्हतं. तं आमी काय करताव? येक येक उचलून हुंगताव. असा निगला का फेकताव. आमी चौगी. रोज. तुमच्या पिशवीत असा कदी आला का? कोनाच्या आला असंल तं सांगा."

सेक्रेटरींच्या बायकोने डबा स्वतःकडे ओढला. दोन्ही मासे हुंगले, सावकाश. मग नवऱ्याला म्हणाली, "अकरा वर्षं हिच्याकडून घेतेय. हा वास आपल्या स्वयंपाकघरात कधी आला नाही." एवढंच. भाषण वगैरे केलं नाही.

आत्याने माझ्या हातातलं पत्र घेतलं. त्यात घासलेटचा बोय ठेवला, कागदाची पुडी केली आणि डब्यात टाकून झाकण लावलं. मग विचारलं, "कालवन कोनाला पायजे?"

गावातल्या गोष्टीत इथे सगळे टाळ्या वाजवतात. प्रत्यक्षात दोघीजणी तशाच उठून गेल्या, जिताड्याला हात न लावता. एका माणसाने मला विचारलं की मग खाडीतला मासा खावा का नाही, आणि माझ्याकडे एका ओळीत बसेल असं उत्तर नव्हतं. त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी तिसऱ्यांदा भात घेतला. सेक्रेटरींनी आपल्या बाटलीला बूच लावलं. आम्ही डेगी धुऊन घरी आलो. रस्त्यात मी आत्याला विचारलं, "डबा का आणलास?" ती म्हणाली, "माशाचं ते विचारनारच व्हते. आज नाय तं उद्या." माझ्या पत्राचं मात्र तिला माहीत नव्हतं. त्याबद्दल तिने मला काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही. एकच सांगते. ती म्हणाली, जागा गेली असती तर दुसरीकडं बसले असते, पण तू सही केल्यावर मी फेकलेल्या माशांचं काय सांगितलं असतं?

घरी मी जुनं पत्रक काढून परत वाचलं. पाणी होतं, कंपन्या होत्या, मेलेले मासे होते. रोज एकेक मासा उचलून हुंगणाऱ्या बायकांबद्दल एक अक्षर नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर लहानपणापासून चाललेलं काम होतं ते, मला ते काम वाटलंच नव्हतं.

दोन आठवड्यांनी सोसायटीचं पत्र वॉर्ड ऑफिसला गेलं. तक्रार मागे घेतली नाही, बदलली. विषारी माशांचं वाक्य आणि सोबतचं पत्रक काढून टाकलं. चौघींनी गेटच्या दुसऱ्या बाजूला बसायचं, अकरापर्यंत, आणि उठताना जागा धुवायची. त्या बाजूला झाड नाही. करंजाखाली आता सोसायटीने कुंड्या ठेवल्या आहेत. नऊनंतर चौघींच्या डोक्यावर ऊन येतं आणि छत्र्या धराव्या लागतात. मी यावर पत्रक लिहिणार आहे. याला जिंकणं म्हणतात असं कोणी मला सांगू नये.

खाडीचं पत्रक मी नवं लिहिलं. मथळा बदलला, चौथा परिच्छेद वाढवला. बसस्टॉपवरच्या माणसाला बस येईपर्यंत आता पुरेसा राग येत नाही अशी गटातल्या काकांची तक्रार आहे. असू दे. छापायच्या आधी आत्याला पूर्ण वाचून दाखवलं, मथळ्यापासून. तिने ऐकलं, ठीक म्हणाली, आणि पिशव्यांत टाकायला साफ नकार दिला. "मासा वेगला, कागद वेगला."

त्या संध्याकाळचा एक परिणाम मात्र आम्ही धरला नव्हता. सोसायटीतली माणसं आता मासा घेताना कल्ला उघडून नाक घालतात. एकेक मासा. रविवारी रांग सोसायटीच्या भिंतीच्या टोकापर्यंत जाते. परवा एक गृहस्थ बोय शेपटीला धरून, डोळे मिटून, हळूहळू गोल फिरवत होते. आत्या थोडा वेळ बघत राहिली.

"हलवू नका साहेब, त्यो बाटलीतला नाय," ती म्हणाली. "हुंगून झाला असंल तं घ्या, नायतं ठेवा. मागं मानसं उनात उबी हायत."